न्हावऱ्याची यादी कोणी उघडी ठेवली

ही गोष्ट मी बायकोलाही सांगितली नव्हती. ती गेली, आणि तिला कळलंच नाही. मुलांना माहीत नाही. आमच्या राहू गावात ज्यांच्याबरोबर मी रोज सकाळी पारावर बसतो, त्यांनाही नाही. अठरा वर्षं मी हे एकट्यानं सांभाळलं — आणि चांगलं सांभाळलं, हेच वाईट. आज तुम्हाला सांगायला बसलोय, कारण गेल्या मंगळवारी ते लपवण्यासारखं राहिलं नाही. आणि खरं सांगू का? या वयात इतकं जिंकल्यासारखं वाटेल असं मला वाटलं नव्हतं. जिंकलं कोण, ते पुढं येईल. मी नव्हे.

मी एका साखर कारखान्यात नोकरी केली. कारखान्याचं नाव सांगत नाही. दोष कारखान्याचा नाही, माझा आहे. आधी शेतकी विभागात कारकून होतो. कॉम्प्युटर आले तेव्हा त्या खोलीत कोणी जायला तयार नव्हतं, म्हणून मी गेलो. पन्नाशीला टेकलो होतो तेव्हा जावा नावाची कॉम्प्युटरची भाषा शिकलो — पुण्याहून जाड पुस्तक आणलं, समासात पेन्सिलीनं मराठीत अर्थ लिहीत गेलो. आणि ऊसतोडीच्या क्रमपाळीचा प्रोग्राम मी एकट्यानं लिहिला. बाहेरची कंपनी नाही, पुण्याचा इंजिनियर नाही. आपल्या माणसानं केलं, असं लोक म्हणायचे. ते ऐकायला मला किती आवडायचं, हे विचारू नका.

ज्यांच्या घरी ऊस नाही त्यांना क्रमपाळी सांगायला हवी. ज्यानं आधी लागण केली, त्याचा ऊस आधी तुटायचा — एवढा साधा नियम. फक्त एखाद्याचा ऊस अजून पक्व नसेल, तर शेतकी अधिकारी चिठ्ठी पाठवून तो प्लॉट थांबवतो. आज तोडणीची टोळी कोणाच्या रानात जाणार, याची यादी रोज सकाळी गट ऑफिसच्या फळ्यावर लागते. ती लागायच्या आधी पंधरावीस मोटारसायकली तिथं उभ्या असतात. एक नाव वर गेलं, एक खाली आलं, की भाऊ भावाशी बोलायचा बंद होतो. अशी ती यादी.

माझा प्रोग्राम काय करायचा? रोज सकाळी तो कालची यादी उघडून वाचायचा. कोणाचं तुटलं, कोणाचं राहिलं, कोणाला थांबवलं, ते टिपून घ्यायचा. मग कालची यादी पुसायची, आणि कारखान्यातून आलेली नवी यादी त्याच नावानं तिथं ठेवायची. मग पडद्यावर संदेश यायचा — यादी बदलली. मग छापायची, फळ्यावर लावायची. झालं.

न्हावऱ्याच्या गट ऑफिसला शोभा ऑपरेटर होती. तळेगाव ढमढेऱ्याच्या बौद्ध वस्तीतली मुलगी, बी.कॉम. झालेली, रोज एसटीनं यायची. कामाला चोख. किती चोख, ते मला तेव्हा ओळखता आलं नाही — की ओळखायचं नव्हतं? एक दिवस तिचा फोन आला.

“सर, कधीकधी जुनी यादी जात न्हाई. मी हातानं डिलीट करायला बघते, तर म्हणतंय ही फाईल दुसऱ्या प्रोग्रामनं उघडी ठेवलीय. तुमचा प्रोग्राम बंद केला की लगेच जाते.”

मी काय म्हणालो? “अगं शोभा, तू एक्सेलमध्ये यादी उघडून बसत असशील. तेवढं बंद करत जा.”

“मी एक्सेल उघडतच न्हाई, सर.”

“बघ बघ,” म्हणालो आणि फोन ठेवला. आता तुम्हीच सांगा — तिनं आणखी काय सांगायला हवं होतं? रोग, त्याची खूण आणि त्यावरचा उतारा, तिन्ही तिनं एका दमात सांगितली होती. माझ्या पुस्तकाच्या समासात तेवढं नव्हतं.

महिनाभरानं व्हायचं ते झालं. शोभाचे मामा किसनराव यांचा न्हावऱ्यातच दीड एकर ऊस. त्यांचं नाव यादीत वर होतं, पण आदल्या दिवशी टोळी त्यांच्यापर्यंत पोचली नव्हती. संध्याकाळी शेतकी अधिकाऱ्याची चिठ्ठी आली — किसनरावांचा ऊस अजून कच्चा आहे, थांबवा. शोभानं स्वतःच्या हातानं मशीनमधल्या यादीत मामाच्या नावापुढं ‘थांबवा’ अशी खूण केली. ही खूण मशीनमध्येच राहायची, कागदावर छापून यायची नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखा प्रोग्राम चालवला. ‘यादी बदलली’ असा संदेश आला. खिडकीपाशी माणसं खोळंबली होती. तिनं छापली आणि लावली. ती कालचीच यादी होती. टोळी किसनरावांच्या रानात गेली, आणि दुपारपर्यंत निम्मा ऊस आडवा झाला.

ज्याची खरी पाळी होती तो मोठा बागायतदार, आमच्याच भावकीशी सोयरीक असलेला. तो गट ऑफिसात येऊन जे बोलला ते सगळं इथं लिहिण्यासारखं नाही. शेवटचं वाक्य मात्र गावभर झालं — “भाचीनं मामाचा ऊस पुढं घातला.”

तिघांची चौकशी समिती बसली. त्यांनी मला विचारलं, प्रोग्राममध्ये दोष असू शकतो का? मी कारखान्यातल्या माझ्या मशीनवर दहा वेळा चालवून बघितला. दहाही वेळा जुनी यादी पुसली गेली, नवी आली. मी सांगितलं, प्रोग्राममध्ये दोष नाही. इथपर्यंत मी खोटं बोललो नव्हतो, हे मला अठरा वर्षं फार सोयीचं वाटत आलं. पण गोष्ट इथं संपत नाही.

शोभाला निकालापर्यंत घरी बसवलं. तिच्या जागी दुसरा ऑपरेटर आला. चार दिवसांनी त्याचा फोन — कालचीच यादी येतीय, साहेब. त्याचा मामा न्हावऱ्यात नव्हता.

मी सकाळच्या एसटीनं न्हावऱ्याला गेलो. मशीनपुढं बसलो. कालची यादी हातानं पुसायला गेलो, तर मशीननं सांगितलं, ही फाईल दुसऱ्या प्रोग्रामनं उघडी ठेवली आहे. एक्सेल बंदच होतं. इतर जे काही चालू होतं ते एकेक करून बंद केलं. तरी पुसेना. शेवटी माझा प्रोग्राम बंद केला — आणि यादी गेली. तिनं फोनवर सांगितलं होतं, तश्शीच.

मग मी माझ्या ओळी काढून वाचायला बसलो. जावात फाईल वाचायची तर आधी तिच्याकडं जायची एक वाट उघडावी लागते. तिला स्ट्रीम म्हणतात. वाचून झालं की ती बंद करायची असते. मी ती बंद करत होतो — अगदी तळाच्या ओळीला. पण मध्येच ‘थांबवा’ खुणेचं नाव भेटलं, की माझा प्रोग्राम त्या प्लॉटची वेगळी नोंद करायला तिथूनच बाहेर पडत होता. तळापर्यंत पोचतच नव्हता. वाट उघडीच राहायची. कारखान्यातलं माझं मशीन लिनक्सचं. ते उघडी फाईलही मुकाट्यानं पुसू देतं. गट ऑफिसातलं विंडोजचं. ते पुसू देत नाही. आणि पुसण्याची जी आज्ञा आहे ना, ती पुसलं की नाही याचं उत्तर देते — हो किंवा नाही. मी ते उत्तर कधी विचारलंच नव्हतं. उत्तर काहीही येवो, माझा प्रोग्राम ‘यादी बदलली’ म्हणून मोकळा.

म्हणजे कळलं का तुम्हाला? ज्या सकाळी कालच्या यादीत कोणाचा तरी प्लॉट थांबवलेला असेल, नेमक्या त्याच सकाळी जुनी यादी राहायची. त्या सकाळी यादी अडकली, ती शोभानं मामाचा ऊस थांबवला म्हणून. तिनं प्रामाणिकपणे खूण केली म्हणून ती अडकली. खूण न करती, तर प्रोग्राम नीट चालला असता आणि तिची नोकरी राहिली असती.

हे कळलं तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते. खिडकीबाहेर माणसं तंबाखू मळत उभी होती. मी उठून समितीला फोन करायला हवा होता. फोन टेबलावर हाताशी होता — मी काय केलं? जुन्या प्रोग्रामची एक प्रत सीडीवर काढली. बदल करण्याआधी प्रत ठेवायची माझी शिस्त. मग बाहेर पडायच्या त्या जागेआधी वाट बंद करणारी एक ओळ घातली. चालवून बघितलं, यादी बदलली. नव्या ऑपरेटरला सांगितलं, अँटिव्हायरसचं काहीतरी होतं. आणि पुढची एसटी धरली.

दोन दिवसांनी समितीनं लेखी अभिप्राय मागितला. मी लिहिलं — ‘कोणीतरी फाईल उघडी ठेवल्याशिवाय असे घडू शकत नाही.’ किती विचार करून लिहिलेलं वाक्य ते! त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. फाईल कोणीतरी उघडी ठेवली होतीच. ते कोणीतरी म्हणजे मी, एवढंच लिहायचं राहिलं होतं. मी खाली सही केली.

बाहेर आलो तर व्हरांड्यात शोभा उभी होती. म्हणाली, “सर, तुम्ही न्हावऱ्याला जाऊन मशीन बघितलं म्हणं?”

“बघितलं,” म्हणालो. आणि चालत राहिलो.

तिच्या कागदावर ‘यादीत फेरफार’ असा शेरा पडला आणि तिला काढलं. तो शेरा तिच्या आधी सगळीकडं पोचला. तालुक्यातल्या एकाही संस्थेनं तिला घेतलं नाही. किसनरावांच्या रानाला लोक ‘भाचीचा ऊस’ म्हणू लागले. त्याच हंगामाच्या शेवटी प्रोग्रामबद्दल माझा सत्कार झाला — शाल, नारळ, फोटो. फोटोत मी हसतोय.

तिच्या जागी आमच्या भावकीतली पोर असती, तर मी ती सही केली असती का? हा प्रश्न मी स्वतःला फार उशिरा विचारला. उत्तर नाही असं आहे. तेही इथं लिहून ठेवतो.

पुढं कळलं की ती दौंडला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवते. एकदा दौंडच्या स्टँडवर दिसली. मी पेपर तोंडापुढं धरला आणि तिची गाडी सुटेपर्यंत खाली घेतला नाही. असा मी.

या वर्षी कारखान्यानं मोबाईलवरची नवी व्यवस्था आणली. जुन्या प्रोग्रामची माहिती द्यायला मला बोलावलं. तिथला अधिकारी म्हणाला, “आप्पा, काळजी करू नका, महिनाअखेर जुनं सगळं पुसून टाकतो.” म्हणजे बघा — मला काहीच करायचं नव्हतं. फक्त गप्प बसायचं होतं, ज्याची मला अठरा वर्षांची सवय. पुरावा कारखानाच पुसणार होता. तिथून घरी येईस्तोवर काय झालं ते मला सांगता येत नाही. पण घरी आल्याआल्या मी कपाट उघडलं आणि सीडी शोधली.

आणि दौंडला गेलो. शोभाताईंच्या क्लासमध्ये. आता मी त्यांना ताई म्हणतो. तेव्हा ‘अगं’ म्हणायचो. कानाजवळ केस पांढरे झालेत. शेजारच्या खोलीत मुलं टाइप करत होती. मी बसलो नाही, उभ्यानंच सगळं सांगितलं — साडेदहाची वेळ, सीडी, सही, सगळं. मला वाटलं होतं रडतील, किंवा हाकलतील. त्यांनी फक्त विचारलं, “जुना प्रोग्राम अजून हाय तुमच्याकडं?”

“आहे.”

“मग दाखवा. न्हावऱ्यात, सगळ्यांपुढं. चालवणार मी.”

गेल्या मंगळवारी अकरा वाजता न्हावऱ्याच्या गट ऑफिसात माणसं जमली. कारखान्याचे अधिकारी होते, त्या समितीतले हयात असलेले एक सदस्य होते, यादीसाठी आलेले पंधरावीस शेतकरी होते. किसनमामा काठी टेकत आले आणि पहिल्या खुर्चीवर बसले. शोभाताई मशीनपुढं बसल्या. मी पलीकडं उभा.

मी एकेक पायरी सांगत गेलो, त्या करत गेल्या. कालची यादी. एका नावापुढं ‘थांबवा’. नवी यादी. प्रोग्राम चालवा. पडद्यावर आलं — यादी बदलली. त्यांनी यादी उघडून दाखवली.

“आरं, ही तर जुनीच हाय की,” मागून कोणीतरी म्हणालं.

त्यांनी पुसायला बघितली, पुसेना. माझा प्रोग्राम बंद केला, पुसली गेली. परत एकदा केलं. तिसऱ्यांदा केलं. ‘थांबवा’ची खूण काढून केलं, तर सगळं सुरळीत. समितीतल्या त्या सदस्यांनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला. मग मी वाकून माझी ती एक ओळ घातली. त्यांनी चालवलं — नवी यादी आली.

मला वाटलं झालं. पण शोभाताई उठल्या नाहीत. पडद्यावरच्या माझ्या ओळी खालीवर करून वाचत राहिल्या. मग म्हणाल्या, “सर, बाहेर पडायची आणखी एक वाट उघडी हाय. हे बघा. गट नंबर कोरा आला तर इथूनबी बाहेर पडतंय, आणि इथं काही बंद केलेलं न्हाई.”

मी बघितलं. खरंच होतं. वर्षातून एखाद्या वेळी यादी अडकायची, आणि आम्ही मशीन बंद-चालू करून हवेला दोष द्यायचो. अठरा वर्षं. गुन्हा लपवण्याच्या घाईत मला स्वतःची दुसरी चूक दिसली नव्हती. त्यांना ती चार मिनिटांत दिसली. त्यांनी तो सगळा भाग नव्या जावाच्या पद्धतीनं लिहिला — वाट उघडतानाच सांगून ठेवायचं, की कुठूनही बाहेर पडलो तरी तू बंद हो. पुसण्याचं उत्तर विचारलं. उत्तर ‘नाही’ आलं तर पडद्यावर लाल अक्षरांत ‘यादी बदललेली नाही’ असं येईल, तेही घातलं. गट नंबर कोरा ठेवून चालवलं. नवी यादी आली.

“मास्तरचीच चूक काढली की पोरीनं,” एकजण म्हणाला, आणि खोली हसली. मीही हसलो. लाज वाटत होती, आणि ऊर भरून आला होता — दोन्ही एकदम होतं, हे मला माहीत नव्हतं. माझ्या उभ्या नोकरीत माझ्या कामाकडं कोणी इतकं नीट बघितलं नव्हतं.

किसनमामा उठले. माझ्याकडं बघितलं नाही, लोकांकडं तोंड केलं. “अठरा वर्सं माझ्या वावराला भाचीचा ऊस म्हणताय न्हवं? आता म्हणाच. सोडायचं न्हाई. मीबी पाटी लावतो.”

आता हसणं खिडकीबाहेर गेलं. शोभाताई मशीनपुढून उठल्या, पण हसल्या नाहीत. त्या मामांकडं बघत होत्या, आणि त्यांची मान अशी काही ताठ होती की अधिकाऱ्यांनी आपसूक उठून त्यांना खुर्ची पुढं केली.

मी निवेदन लिहून नेलं होतं. कारखान्याच्या दफ्तरात ते लागायचं होतं, म्हणून आधी शोभाताईंच्या हातात दिलं. त्यांनी उभ्यानं वाचलं. एका ओळीवर बोट ठेवलं. तिथं मी लिहिलं होतं, ‘त्या वेळी माझ्याकडून चूक राहून गेली.’

“चूक कुणाचीबी होती, सर,” त्या म्हणाल्या. “मी रोज पोरांच्या काढते. तुम्ही ती लपवली. ते लिहा.”

मी टेबलावर कागद ठेवला, ती ओळ खोडली आणि लिहिलं. अधिकाऱ्यांनी सगळ्यांपुढं मोठ्यानं वाचलं, आणि ‘यादीत फेरफार’ हा शेरा रद्द केल्याच्या पत्रावर तिथंच सही करून ते शोभाताईंना दिलं. माझ्या निवेदनाची एक प्रत त्यांनी फळ्यावर लावली. माणसं उठून पुढं आली, वाचू लागली. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना शेजारचे वाचून दाखवत होते, त्यामुळं ते वाक्य मला पुन्हा पुन्हा ऐकू येत होतं.

‘दोष माझ्या प्रोग्रामचा होता. अभिप्रायावर सही करण्याआधी दोन दिवस ते मला माहीत होते. शोभा यांनी ते मला त्याआधीच सांगितले होते. मी लपवले.’